ईश्वर आहे का आणि असला तर कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखाद्या मुद्द्याची पुढची बाजू दुसरीकडे आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फार खोलात न जाता सांगा, ईश्वर आहे की नाही?

विचार करणाऱ्या प्रत्येकाला मान्य करावाच लागेल असा पुरावा आजवर दोन्हींपैकी कोणत्याच बाजूला देता आलेला नाही. म्हणून सगळेच युक्तिवाद एका तोलाचे ठरतात, असं मात्र नाही. काही खरोखर भक्कम आहेत, काही ऐकायला छान पण आतून पोकळ आहेत. माझ्या मते ईश्वराच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा ‘मुळात काही आहेच कशाला’ हा आहे (प्रश्न ४), आणि विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा निष्पाप जिवांच्या यातना हा आहे (प्रश्न ९). या दोन्हींना तोंड न देता दिलेलं ‘हो’ किंवा ‘नाही’ मला अपुरं वाटतं.

गोम अशी की पहिला मुद्दा ज्या ईश्वराकडे नेतो आणि दुसरा ज्या ईश्वराला अडचणीत आणतो, ते दोन्ही एकच आहेत हे आपण न तपासता धरून चालतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत हाच धागा सापडेल.

२. पण ‘ईश्वर’ म्हणजे नेमका कोण अभिप्रेत आहे?

हा प्रश्न आधी सोडवला नाही तर दोन माणसं तासभर भांडतात आणि शेवटी कळतं की ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होती.

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेत ईश्वर एकच आहे. तो सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि पूर्णपणे चांगला आहे, आणि त्याने विश्व शून्यातून निर्माण केलं. रामानुज आणि मध्व यांचा विष्णू पुष्कळ अंशी याच्या जवळ जातो, पण तिथे जीव आणि जडद्रव्य अनादी आहेत. शून्यातून निर्मिती हा विचारच नाही. योगदर्शनातला ईश्वर क्लेश आणि कर्म यांचा कधी स्पर्शच न झालेला एक विशेष पुरुष आहे. तो पूर्वीच्या गुरूंचाही गुरू आहे, पण जगाचा निर्माता म्हणून तो तिथे उभा केलेला नाही. शंकराचार्यांच्या मते अंतिम सत्य निर्गुण ब्रह्म आहे आणि सगुण ईश्वर व्यवहाराच्या पातळीवर खरा आहे. सतराव्या शतकातले डच तत्त्वज्ञ स्पिनोझा यांच्या लेखी ईश्वर आणि निसर्ग एकच. अठराव्या शतकातल्या युरोपात अनेकांनी विश्व घडवून नंतर त्यात ढवळाढवळ न करणारा ईश्वर मानला.

यांतल्या एकाविरुद्धचा पुरावा दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. दुःखाचा प्रश्न स्पिनोझाच्या ईश्वराला शिवतसुद्धा नाही, कारण तो कुणावर दया करणारा नाहीच.

३. मी नास्तिक की अज्ञेयवादी, हे कसं ठरवायचं?

दोन गोष्टी वेगळ्या काढा. ईश्वर आहे असं तुम्ही मानता का, हा एक प्रश्न. ते निश्चितपणे कळू शकतं असं तुम्हाला वाटतं का, हा दुसरा. अज्ञेयवादाला त्याचं इंग्रजी नाव १८६९ साली थॉमस हक्सली यांनी दिलं आणि त्यांचा रोख दुसऱ्या प्रश्नावर होता. त्यामुळे ‘मानतो, पण कळू शकत नाही’ असा माणूस असू शकतो, तसाच ‘मानत नाही, पण खात्रीने सांगता येत नाही’ असाही.

भारतीय दर्शनांत विभागणी निराळी होती. वेद प्रमाण मानणारे ते आस्तिक. म्हणूनच कट्टर वेदनिष्ठ मीमांसक आस्तिक ठरले, जरी त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी जगाच्या निर्मात्याची कल्पना सडेतोडपणे खोडून काढली. विश्व निर्माण होण्याआधी त्याला शरीर कुठून आलं, इच्छा कशाची झाली आणि दुःखाने भरलेलं जग करण्यात त्याचा हेतू काय, असे त्यांचे प्रश्न होते.

४. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, मग विश्वाला नको? आणि तसं असेल तर ईश्वराला कोणी निर्माण केलं?

हे दोन प्रश्न जवळपास नेहमी एकाच पत्रात येतात, आणि ते बरोबरच आहे. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ हे खरं धरलं तर ईश्वरालाही कारण हवं. पण एकाही मोठ्या तत्त्वज्ञाने युक्तिवाद असा मांडलेला नाही. त्यांची मांडणी दोन प्रकारची आहे.

पहिली इस्लामी विचारवंत अल्-गझालींची: ज्याला आरंभ असतो त्याला कारण असतं, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. ईश्वराला आरंभच नाही असं म्हटल्यावर दुसरा प्रश्न इथे लागू होत नाही. मात्र विश्वाला आरंभ आहे हे दाखवावं लागतं, आणि ते काम अवघड आहे (प्रश्न ७).

दुसरी मांडणी इस्लामी तत्त्वज्ञ इब्न सीना यांची. पुढे थॉमस अक्वायनस आणि लायब्निझ यांनी ती आपापल्या परीने पुढे नेली. मला ती जास्त खोल वाटते. आपण पाहतो ती प्रत्येक वस्तू नसूही शकली असती. तिच्या असण्याचं स्पष्टीकरण तिच्याबाहेर शोधावं लागतं. अशा वस्तूंची कितीही लांब रांग लावली, अगदी अनादी काळापासूनची लावली, तरी ‘ही रांगच का आहे’ हा प्रश्न उरतोच. म्हणून जे नसूच शकत नाही, ज्याचं असणं त्याच्या स्वरूपातच आहे, असं काहीतरी मूळाशी असलं पाहिजे. विश्वाला आरंभ नसला तरी या युक्तिवादाचं काही बिघडत नाही.

१९४८ साली बीबीसीवर ख्रिस्ती धर्मगुरू फ्रेडरिक कॉपल्स्टन यांनी हा मुद्दा मांडला तेव्हा तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचं उत्तर असं होतं की विश्व आहे, बस, त्यापलीकडे स्पष्टीकरण मागण्यात अर्थ नाही. ही भूमिका तर्कविरोधी नाही. पण दर लहानसहान गोष्टीचं कारण शोधत जायचं आणि सर्वांत मोठ्या गोष्टीपाशी येऊन थांबायचं, हे मला पटत नाही.

तरी या वाटेने हाती काय लागलं ते पाहा: एक अनिवार्य अस्तित्व. ते प्रेम करतं का, प्रार्थना ऐकतं का, त्याला मन तरी आहे का, यांतलं काहीच अजून सिद्ध झालेलं नाही.

५. भारतीय परंपरेत ईश्वर तर्काने सिद्ध करायचा प्रयत्न कुणी केला का?

केला, आणि फार तयारीने केला. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ त्यासाठीच लिहिला. त्यांच्या अनुमानांपैकी सर्वांत प्रसिद्ध अनुमान असं: पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टी कार्य आहेत, म्हणजे त्या घडलेल्या आहेत. जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. म्हणून पृथ्वी, अंकुर यांनाही कर्ता आहे.

यावरचा सर्वांत धारदार आक्षेप त्याआधीच, सातव्या शतकात, बौद्ध पंडित धर्मकीर्तींनी घेऊन ठेवला होता. घट मातीचा आहे आणि कुंभाराने केला आहे. वारूळही मातीचंच असतं. मग तेही कुंभाराने केलं म्हणायचं का? कर्त्याचं अनुमान आपण तशाच वस्तूंबाबत करतो ज्या कुणीतरी घडवताना आपण पाहिल्या आहेत. डोंगर घडवताना कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि डोंगराला ‘कार्य’ हे नाव दिल्याने तो घटाच्या जातीचा होत नाही.

अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे रामानुजांनीही हे अनुमान नाकारलं. ते स्वतः परमभक्त. पण त्यांचं म्हणणं असं की या वाटेने गेलात तर फार तर अनेक कर्ते, वेगवेगळ्या वेळी काम करणारे, इतकंच सिद्ध होईल. ईश्वर शास्त्रावरूनच कळतो. युक्तिवाद नाकारला म्हणजे ईश्वर नाकारला असं होत नाही, हे त्यांच्याइतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी दाखवलं आहे.

६. डोळ्यासारखी अद्भुत रचना आपोआप होईल का?

‘आपोआप’ आणि ‘कुणीतरी आखून’ या दोनच शक्यता आहेत असं इथे मानलं जातं. १८५९ साली डार्विन यांनी तिसरी दाखवली: लहान लहान फरक, त्यांतल्या उपयोगी फरकांचं टिकणं, आणि भरपूर काळ. प्रकाश जाणवणाऱ्या साध्या डागापासून भिंग असलेल्या डोळ्यापर्यंतच्या मधल्या अवस्था आजही निरनिराळ्या प्राण्यांत पाहायला मिळतात.

उलट, आखणीच्या कल्पनेला न शोभणाऱ्या रचनाही आहेत. स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूपासून निघते, थेट छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते. माणसात हा फेरा थोडक्यात आटपतो, पण जिराफात तीच नस काही सेंटिमीटरांच्या कामासाठी चार मीटरांहून जास्त प्रवास करते. माशांसारख्या पूर्वजांत हा रस्ता सरळ होता, मान लांबत गेली तसा तो ताणला गेला. उत्क्रांतीने हे सहज समजतं.

सजीवांवरून केलेला युक्तिवाद म्हणूनच मी सोडून देतो. निसर्गाच्या मूळ नियमांवरून केलेला युक्तिवाद मात्र वेगळा आहे, कारण उत्क्रांतीलाही ते नियम आधी लागतात. १९५३ साली फ्रेड हॉइल यांनी नुसत्या विचाराने ओळखलं की ताऱ्यांत पुरेसा कार्बन तयार व्हायचा असेल तर कार्बनच्या अणुकेंद्राला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक विशिष्ट ऊर्जापातळी असायलाच हवी. प्रयोगात ती सापडली. अशा काही मूल्यांमध्ये जरा फरक असता तर आपल्यासारखं जीवन झालं नसतं असं दिसतं. यावर ‘आखणी’ हे एक उत्तर आहे, ‘अगणित विश्वं आहेत आणि आपण साहजिकच जगण्याजोग्या विश्वात आहोत’ हे दुसरं. दोन्हींची थेट तपासणी आज करता येत नाही.

७. विज्ञानाने ईश्वर नाही हे सिद्ध केलं आहे ना? की महास्फोटाने आहे हे सिद्ध केलं?

दोन्ही नाही. महास्फोटाच्या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलग राहावा असं त्यांचं मत होतं. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं इतकं नक्की कळतं. तो सर्वस्वी आरंभ होता का, हे त्यातून ठरत नाही.

जिथे ईश्वराबद्दलचा दावा मोजता येण्याजोगा असतो तिथे विज्ञान जरूर बोलू शकतं. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना निश्चित सांगितलं होतं त्यांच्यात ती किंचित जास्तच आढळली. ‘प्रार्थना केली की ठरावीक फळ मिळतं’ असं मानणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. प्रार्थनेकडे मागणी म्हणून न पाहणाऱ्या भक्ताच्या श्रद्धेला यामुळे काही बाधा येत नाही.

८. ईश्वराच्या व्याख्येतूनच त्याचं अस्तित्व निघतं म्हणतात, ते काय?

अकराव्या शतकातल्या अँसेल्म यांचा हा युक्तिवाद. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर. तो फक्त मनात असेल तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरेल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. त्यांच्याच काळातल्या गॉनिलो या भिक्षूने लगेच विचारलं, मग सर्वांत परिपूर्ण बेटही याच न्यायाने असलं पाहिजे का? पुढे कांट यांनी १७८१ साली नेमकी चूक दाखवली: ‘असणं’ हा वस्तूचा आणखी एक गुण नव्हे. युक्तिवाद सुंदर आहे, पण तो वाचून कुणाची श्रद्धा जडली असेल असं मला वाटत नाही.

९. ईश्वर दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर निष्पापांना इतकं दुःख का?

सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची असतात आणि बरीचशी स्वतःच्या दुःखातून आलेली असतात. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे त्यांना मी युक्तिवाद पाठवत नाही. खालचं उत्तर शांतपणे विचार करू शकणाऱ्यांसाठी आहे.

१ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला. चर्च माणसांनी भरलेली होती. त्यांच्यावर छपरं कोसळली, मागून समुद्र आला, मग आगी लागल्या. हजारोंनी माणसं मेली. आपलं जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे असं लायब्निझ यांनी १७१० साली लिहिलं होतं. लिस्बननंतर ते वाक्य पूर्वीसारखं म्हणता येईना.

पहिलं उत्तर असं दिलं जातं की ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि दुःख त्याच्या गैरवापरातून येतं. खून, युद्ध, छळ यांच्यापुरतं हे उत्तर वजनदार आहे. भूकंपाला ते लागू पडत नाही.

दुसरं उत्तर, दुःखातून माणूस घडतो. कधी घडतो, कधी पार मोडतो. शिवाय १९७९ साली विल्यम रो यांनी दिलेलं उदाहरण पाहा: दूरच्या अरण्यात वीज पडते, वणवा लागतो, एक पाडस भाजतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी माणूस ते पाहत नाही. कुणी त्यातून काही शिकत नाही. पाडसाने कसलीही चूक केलेली नाही. ते दोन दिवस आधी मेलं असतं तर कोणतं मोठं भलं हुकलं असतं? ‘आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच असं नाही’ हे श्रद्धावानाचं उत्तर तर्काला धरून आहे. पण ते कितीदा वापरायचं यालाही मर्यादा हवी, नाहीतर कोणत्याही क्रौर्याचं समर्थन त्याने करता येईल.

तिसरं उत्तर कर्माचं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप घेतला आहे: ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. सूत्रकार म्हणतात, तसं नाही, कारण तो जिवाच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखा, पीक ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. मग पहिलं कर्म कुठून आलं? संसार अनादी आहे, पहिलं कर्म असं नाहीच. ईश्वराला निर्दोष ठेवण्याच्या दृष्टीने हे सर्वांत नेटकं उत्तर आहे. माझा आक्षेप त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आजारी बाळाकडे पाहून ‘त्याचंच कर्म’ म्हणताना दोष ईश्वरावरून उचलून सर्वांत दुबळ्याच्या डोक्यावर ठेवला जातो, आणि ज्याची त्या बाळाला आठवणसुद्धा नाही त्याची ती शिक्षा असते.

चौथं उत्तर ईश्वराची शक्ती मर्यादित मानण्याचं. विसाव्या शतकातले तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्या वाटेने जाणारे काही विचारवंत म्हणतात की ईश्वर जगाला भाग पाडत नाही, चांगल्याकडे ओढू पाहतो, आणि जगाचं दुःख त्यालाही लागतं. मला हा ईश्वर सर्वांत जवळचा वाटतो. तो पुष्कळांना पुरेसा वाटत नाही, हेही समजतं.

१०. ईश्वर स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड करू शकेल का?

बहुतेक ईश्वरवाद्यांचं उत्तर: सर्वशक्तिमान म्हणजे जे जे शक्य आहे ते सगळं करू शकणारा. चौकोनी वर्तुळ किंवा असा दगड ही कामंच नव्हेत, शब्दांची विसंगत जुळणी आहे. देकार्त यांनी मात्र गणिताची सत्यंसुद्धा ईश्वराच्या इच्छेवर ठेवली. ती वाट धरली तर प्रश्न ९ मधली सगळी समर्थनं कोसळतात, कारण मग स्वातंत्र्य असूनही दुःख नसलेलं जग त्याला सहज करता आलं असतं.

११. ईश्वराला माझा उद्याचा निर्णय आजच ठाऊक असेल तर मी स्वतंत्र कसा?

सहाव्या शतकात बोएथियस यांनी दिलेलं उत्तर अजून टिकून आहे: ईश्वर काळाच्या बाहेर आहे. त्याला ‘आधीच’ काही कळत नाही, सगळा काळ त्याच्यासमोर एकदम असतो. कुणाला चालताना पाहिल्याने आपण त्याला चालवत नाही, तसंच हे. पण काळाबाहेरचा ईश्वर हाक ऐकून उत्तर कसा देईल, हा पेच मग उभा राहतो. चौदाव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ गेर्सोनिडीस यांनी उलट बाजू घेतली: माणसाचा मोकळा निर्णय आधी कळण्याजोगी गोष्टच नाही, म्हणून तो न कळणं ही ईश्वराची उणीव ठरत नाही.

१२. मला प्रत्यक्ष अनुभव आला आहे. तोही पुरावा नाही का?

तुमच्यासाठी असू शकतो. समोर झाड दिसलं तर आपण पुरावा मागत बसत नाही, मग या अनुभवावर सुरुवातीलाच अविश्वास का दाखवायचा, हा मुद्दा रास्त आहे. अडचण दोन ठिकाणी येते. भिन्न धर्मांतल्या प्रामाणिक माणसांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत: कुणाला प्रेमळ व्यक्ती भेटते, कुणाला सगळे भेद विरून गेलेले जाणवतात, बौद्ध साधकाला यांतलं काहीच ईश्वर वाटत नाही. शिवाय काही प्रकारच्या अपस्मारातही (फेफऱ्यातही) असेच उत्कट अनुभव येतात. मेंदूत काय घडलं हे कळल्याने अनुभव खोटा ठरत नाही, कारण खरं झाड पाहतानाही मेंदूत काहीतरी घडतंच. पण दुसऱ्याला पटवण्यासाठी तो पुरत नाही.

१३. ईश्वर नसेल तर नीतीला आधार काय?

जैन आणि बौद्ध परंपरांनी जगाचा निर्माता न मानता अहिंसेची अत्यंत कडक नीती उभी केली आणि ती शतकानुशतकं टिकली. तेव्हा ईश्वराशिवाय नीतीने वागता येतं यात वाद नाही. त्या नीतीचं मूळ कुठे, हा खरा प्रश्न आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं म्हटलं तर क्रौर्यही आज्ञेने चांगलं ठरू शकेल. दुसरं म्हटलं तर चांगुलपणा ईश्वरावर अवलंबून उरत नाही. ‘चांगुलपणा हा ईश्वराचा स्वभावच आहे’ असा मधला मार्ग काढतात, पण तो स्वभाव चांगला आहे हे कशावरून ठरवलं, हे पुन्हा विचारता येतं.

१४. मानून टाकायला काय हरकत आहे? असला तर फायदा, नसला तर तोटा नाही.

पास्कल यांनी सतराव्या शतकात हीच पैज मांडली. हरकत अशी की पर्याय दोनच नाहीत. कुठला ईश्वर मानायचा? एकाला मानल्याने दुसरा रागावणार असेल तर? आणि हिशोब करून ठेवलेल्या श्रद्धेपेक्षा प्रामाणिक शंका जास्त मोलाची मानणारा ईश्वर असेल तर? पास्कल यांना हे समजत नव्हतं असं नाही. शंकेत अडकलेल्या माणसाला आचरणाला लावावं, हा त्यांचा हेतू होता.

१५. ईश्वर आहे तर तो लपून का राहतो?

जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ साली याचा स्वतंत्र युक्तिवाद केला. प्रेमळ ईश्वराला प्रत्येकाशी नातं हवं असेल, तर मनापासून शोधूनही ज्याला तो सापडत नाही असा माणूस असायलाच नको. पण अशी माणसं आहेत. ‘त्यांनी नीट शोधलं नसेल’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. आयुष्यभर तळमळणाऱ्यांवर तो आरोप आहे. भक्तांनाही ही अनुपस्थिती जाणवली आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम देवाशी कडाडून भांडले आहेत. त्यांनी ती उणीव लपवली नाही आणि नातंही तोडलं नाही. शेलेनबर्ग यांच्या युक्तिवादाचं खंडन यात नाही, पण हाक न ऐकणाऱ्याशीही नातं असू शकतं इतकं यातून दिसतं.

१६. ईश्वर आहे, पण तो दुष्ट आहे, असं असू शकतं का?

स्टीफन लॉ यांनी २०१० साली हा प्रश्न चांगला ताणून धरला. सर्वशक्तिमान आणि पूर्ण दुष्ट ईश्वर कल्पा. मग जगात इतकं चांगलं का? स्वातंत्र्य दिलं म्हणून, किंवा आशा देऊन ती मोडण्यासाठी. प्रश्न ९ मधली उत्तरं उलटी फिरवली की इथे चपखल बसतात. आपण दुष्ट ईश्वर हसून सोडून देतो, तर चांगल्या ईश्वरासाठी तेच समर्थन का चालवून घेतो? प्रश्न ४ मधल्या अनिवार्य अस्तित्वाला यातून धक्का लागत नाही. ते चांगलं असल्याचं मात्र जगाकडे पाहून ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळी कारणं द्यावी लागतात.

१७. स्पिनोझाचा किंवा निर्गुण ईश्वर मानणारा माणूस आस्तिक की नास्तिक? त्याने प्रार्थना कुणाची करायची?

१६५६ साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने स्पिनोझा यांना बहिष्कृत केलं, आणि पुढच्या काळात काहींनी त्यांनाच ईश्वराने झपाटलेला माणूस म्हटलं. आइन्स्टाइन यांनी १९२९ साली एका तारेच्या उत्तरात स्पिनोझाचा ईश्वर मानत असल्याचं कळवलं: विश्वाच्या सुसंगतीत प्रकटणारा, माणसांच्या नशिबात लक्ष न घालणारा. अशा ईश्वराकडे काही मागता येत नाही, त्याच्याबद्दल विस्मय वाटू शकतो. शंकराचार्यांच्या अद्वैतात सोय वेगळी आहे: उपासना सगुणाची करायची, आणि उपासक व उपास्य हा भेद ज्ञानाने संपतो असं मानायचं. रामानुजांना ही तडजोड मान्य नव्हती. त्यांच्या मते ज्याला गुणच नाहीत असं काही कोणत्याच प्रमाणाने कळू शकत नाही, आणि ज्याच्याशी नातं मायेपुरतंच आहे त्याची भक्ती शेवटपर्यंत टिकत नाही. मी या वादात रामानुजांच्या बाजूला झुकतो. पण त्यांचा गुणवान, दयाळू ईश्वर मानला की प्रश्न ९ पूर्ण जोराने परत येतो, आणि शंकराचार्यांना अंतिम पातळीवर त्याचं ओझं वाहावं लागत नाही.